दहा लाखांची नोट आणि तिच्या आधीच्या एकोणीस

१९९७ चा जून. शाळा नुकत्याच सुरू झालेल्या, त्यामुळे फीची चलनं भरणाऱ्यांची रांग ठाण्याच्या आमच्या शाखेत पार दारापर्यंत गेलेली. मी तेव्हा कॅशला बसत होते. रांगेतून एक तरुण पुढे आला, त्याने पासबुक आत सरकवलं आणि पासबुकात दुमडून ठेवलेली एक नोट उलगडून काचेखालून माझ्यापुढे धरली. "मॅडम, ही बदलून मिळेल का?"

एकावर सहा शून्यं. रोज लाखांनी रोकड मोजणाऱ्या माझ्या हातात दहा लाखांची एकच नोट कधी आली नव्हती. तिच्यावरचं एकही अक्षर मला वाचता येईना. "युक्रेनची आहे," तो म्हणाला. खारकीवला डॉक्टरकी शिकून तो सहा वर्षांनी घरी आला होता. ही नोट तिकडेही आता चालत नाही, हे त्याला ठाऊक होतं. "पण आई म्हणते, दहा लाख आहेत, विचारून तरी बघ." मी नाही म्हणून मान हलवली, तेव्हा त्याने नोट परत घेतली नाही. "राहू दे तुमच्याकडेच. मी घरी ठेवली तर आई रोज विचारेल." मागची माणसं चुळबुळ करायला लागली होती. मी नोट माझ्या पर्समध्ये ठेवली आणि पुढचं चलन घेतलं.

त्या संध्याकाळी डोंबिवली लोकलच्या बायकांच्या डब्यात ती नोट हातोहात फिरली. मुंब्र्यापर्यंत सगळ्यांचं एकच चाललं होतं, एवढ्यात काय येईल? कुणी फ्लॅट म्हणालं, कुणी मुलीचं लग्न. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही, आज देता येतं. सप्टेंबर १९९६ मध्ये युक्रेनने नवं चलन आणलं तेव्हा या दहा लाखांचे बरोबर दहा ह्रिव्निया मिळत. तेव्हा डॉलर तिकडे सुमारे पावणेदोन ह्रिव्नियांना होता आणि आपल्याकडे पस्तीस-छत्तीस रुपयांना. म्हणजे ती नोट आपल्या साधारण दोनशे रुपयांची. एका घरचा आठवड्याचा भाजीपाला आला असता.

आमच्या बाजूला नाणी-नोटा जमवणारे पुष्कळ आहेत. कुणी शिवराईच्या मागे असतं, कुणी राणीच्या रुपयाच्या, कुणी शेवटी ७८६ असलेल्या नोटांच्या. मी त्या जूननंतर मधल्या नोटांच्या मागे लागले. 'मधल्या' हा माझाच शब्द. जुनं चलन गेलेलं आहे, नवं अजून आलेलं नाही, आणि लोकांना तर उद्या सकाळी दूध घ्यायचंच आहे. अशा वेळी जी नोट घाईघाईने छापली जाते ती मधली नोट. तिचं आयुष्य थोडं असतं. तिला जपून ठेवायचं कुणाच्या मनातही येत नाही. मी एकतीस वर्षं कॅश काउंटरवर काढली. नोटेवरचा आकडा आणि समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावरची निश्चिंती यांचा संबंध मी रोज पाहिला आहे. तो संबंध सुटतो तेव्हा काय होतं, हे या मधल्या नोटांवर स्वच्छ उमटलेलं दिसतं, आणि म्हणून मला त्यांची माया वाटते.

युक्रेनची गोष्ट दहा लाखांपासून सुरू होत नाही. ती सुरू होते कात्रीपासून. १९९० मध्ये युक्रेन सोव्हिएत संघातच होता. दुकानं रिकामी पडत चालली होती, आणि मिळेल तो माल शेजारच्या प्रांतातली माणसं येऊन उचलून नेत होती. म्हणून त्या वर्षीच्या नोव्हेंबरात तिथे पगाराबरोबर कुपनांचा एक मोठा कागद द्यायला सुरुवात झाली. मध्यभागी माणसाचं नाव, कचेरीचा शिक्का, सह्या. आणि चहूबाजूंनी छोटी छोटी चौकोनी कुपनं. दुकानात जायचं, रूबल मोजायचे आणि तेवढ्याच रकमेची कुपनं कापून द्यायची. नुसते पैसे असून भागत नसे, पैसे खर्च करायची परवानगीही हातात लागे. रेशनकार्ड घेऊन पामतेलाच्या रांगेत उभं राहिलेल्या आमच्या पिढीला हे समजायला अवघड नाही. फरक एवढाच की आपलं कार्ड स्वस्त धान्यापुरतं होतं, तिथे कोट घ्यायलाही कुपन लागायचं.

माझ्याकडे असा एक कागद आहे, कल्याणला स्टेशनबाहेर पदपथावर जुनी नाणी मांडून बसणाऱ्या एका काकांकडून घेतलेला. त्याच्या उजव्या बाजूची कुपनं कापलेली आहेत, डावीकडची तशीच. कात्री सरळ चाललेली नाही. काका तो कागद 'फाटका' म्हणून स्वस्तात द्यायला निघाले होते. मला तो त्या कापलेल्या कडांसाठीच हवा होता.

२४ ऑगस्ट १९९१ ला युक्रेनने स्वातंत्र्य जाहीर केलं, १ डिसेंबरला सार्वमत झालं आणि नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी होकार दिला. देश झाला; पैसा मात्र रूबलच राहिला, आणि रूबल छापण्याची यंत्रं मॉस्कोच्या हाती. २ जानेवारी १९९२ ला रशियाने किमतींवरची बंधनं उठवली. भाव उसळले, नोटा अपुऱ्या पडल्या. १० जानेवारीला युक्रेनने आपल्या कुपनांच्या नोटा बाजारात आणल्या. आता कापायची गरज नव्हती, एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या होत्या. मोल रूबलच्या बरोबरीचं. त्या फ्रान्समध्ये छापून आणलेल्या होत्या. नोटेवर ठळक शब्द 'कुपोन', आणि खाली चलनाचं नाव कार्बोवानेत्स.

हे नाव लोकांना नवं नव्हतं. सोव्हिएत नोटेवर पंधरा भाषांत किंमत छापलेली असे, जशी आपल्या नोटेच्या मागच्या बाजूच्या पट्टीत पंधरा भाषांत असते. आपल्या पट्टीत आठवी ओळ मराठीची. तसं रूबलच्या नोटेवर युक्रेनी ओळीत 'कार्बोवानेत्स' लिहिलेलं असायचं. रूबलला त्यांच्या भाषेत तोच शब्द. १९१७ ते १९२० या काळात, रशियन साम्राज्य कोसळल्यावर जे युक्रेनी प्रजासत्ताक थोडे दिवस उभं राहिलं, त्याच्या नोटाही याच नावाच्या होत्या, आणि त्यातल्या पहिल्या हेओर्ही नार्बुत या चित्रकाराने रेखाटल्या होत्या. १९४२ मध्ये जर्मन फौजांनी ताब्यातल्या युक्रेनसाठी नोटा काढल्या, त्यांनाही नाव कार्बोवानेत्स. एकाच शतकात तीनदा हे नाव कागदावर आलं.

१९९१ सालाच्या त्या सात कुपन-नोटा १, ३, ५, १०, २५, ५० आणि १०० च्या आहेत. आपल्याकडच्या कॅशियरला यातला ३ आणि २५ लगेच खटकतो. दोन आणि वीसच्या नोटांवर आपला हात बसलेला. पण सोव्हिएत नोटांत तीन आणि पंचवीसच चालत, आणि मोजणाऱ्यांच्या बोटांची सवय मोडू नये म्हणून नव्या देशाने तेच आकडे ठेवले असावेत, असं मला वाटतं. राज्य बदललं तरी गल्ल्याच्या खणांची मांडणी तीच राहिली.

सातही नोटांवर एकच चित्र आहे. हात पसरून उभी असलेली एक तरुणी, तिचं नाव लिबीद. कीव शहर कीय, श्चेक आणि खोरीव या तीन भावांनी आणि त्यांच्या या बहिणीने वसवलं अशी दंतकथा आहे. द्निप्रो नदीच्या काठी त्यांचं शिल्प १९८२ मध्ये उभारलं गेलं, त्यात नावेच्या टोकाला ती उभी आहे. नोटेच्या मागे सेंट सोफियाचं जुनं देऊळ. चित्र छान, पण मी जेव्हा पहिल्यांदा ही नोट उलटसुलट करून पाहिली तेव्हा माझी नजर दुसरंच काही शोधत होती. नोटेवर नंबर नव्हता. मला वाटलं, छपाईत राहिला असेल. दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. या सातांपैकी एकाही नोटेवर अनुक्रमांक नाही. ज्यांनी आयुष्यभर नंबर पाहून नोट खरी-खोटी ठरवली आहे त्यांनाच कळेल की हे बघून पोटात कसं खड्डा पडल्यासारखं होतं. ती नोट काही महिने चालवून परत घ्यायची, एवढाच तेव्हाचा बेत होता. चलन म्हणून तिला जगायचंच नव्हतं.

पण जगावं लागलं. नोव्हेंबर १९९२ मध्ये युक्रेनमधून रूबल बाद झाला आणि कार्बोवानेत्स हे एकटंच कायदेशीर चलन उरलं. कारखाने तेव्हा सोव्हिएत काळात बांधलेले, एकमेकांवर आणि रशियातल्या गिऱ्हाइकांवर अवलंबून असलेले. साखळी तुटली, रशियाकडून येणारं तेल आणि गॅस महागला, मालाला उठाव राहिला नाही. तरी कारखाने बंद पडू नयेत, पगार थांबू नयेत म्हणून मध्यवर्ती बँक कर्जं देत राहिली, सरकारची तूट भरत राहिली. म्हणजे प्रत्यक्षात नोटा छापत राहिली. माल तेवढाच किंवा कमी, नोटा जास्त. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला अतिचलनवाढ म्हणतात.

१९९३ या एका वर्षात युक्रेनमध्ये भाव दहा हजार टक्क्यांहून जास्त वाढले. टक्केवारी ऐकून काही कळत नाही, म्हणून मी नेहमी वडापाव घेऊन सांगते. समजा पहिल्या जानेवारीला डोंबिवलीच्या फडके रोडवर वडापाव पंधरा रुपयांना आहे. त्या हिशेबाने डिसेंबरअखेर तो दीड हजाराला गेला. आता तुमचा पगार, तुमच्या आईची पेन्शन आणि बँकेतली ठेव यांचा विचार करा. पगार थोडाफार मागून धावतो. पेन्शन रांगते. ठेव जागच्या जागी बसून राहते, आणि तिच्यावरच लोकांचा सगळ्यात जास्त विश्वास असतो. सोव्हिएत बचत बँकेत ज्यांनी आयुष्यभर रूबल साठवले होते त्यांची पुंजी अशीच विरून गेली. २००८ मध्ये युक्रेन सरकारने त्या जुन्या ठेवीदारांना माणशी एक हजार ह्रिव्नियांपर्यंत भरपाई दिली, तेव्हा त्यासाठी बँकांपुढे म्हाताऱ्या माणसांच्या रांगा लागल्या. त्या रांगेच्या पलीकडे, काचेआड, माझ्यासारखीच एखादी बाई बसलेली असणार.

अल्बममध्ये या नोटा ओळीने लावल्या की हा चढ डोळ्यांना दिसतो. अल्बर्ट पिक या जर्मन अभ्यासकाने जगभरच्या कागदी चलनाची सूची केली, तिचे क्रमांक आम्ही संग्राहक वापरतो. युक्रेनच्या या मालिकेला पिक ८१ ते पिक १०० असे क्रमांक आहेत. एकूण वीस नोटा. पहिली एका कार्बोवानेत्सची, शंभरावा क्रमांक दहा लाखांच्या नोटेचा. ८७ क्रमांकाची नोट शंभरची आहे, तिच्यावर १९९१ साल. ८८ चीही शंभरचीच, पण १९९२ ची, आणि तिच्यावर नंबर आहे. इथे लिबीद आपल्या तिन्ही भावांसह नावेत दिसते. मग २००, ५००, १०००. पुढे २००० आणि ५०००, त्यांच्यावर १९९३. याच साली दहा हजार, वीस हजार, पन्नास हजार आणि लाख. लाखापर्यंत यायला आपल्याला एक पानसुद्धा उलटावं लागत नाही. १९९४ ला दोन लाख, पाच लाख. दहा हजारांपासून पाच लाखांपर्यंत चित्र राजा व्होलोदीमीरचं, कीवच्या टेकडीवर १८५३ पासून हातात उंच क्रूस घेऊन उभा असलेला. आणि १९९५ ची शेवटची, ती डॉक्टर मुलाची, दहा लाखांची.

तिच्यावर तारास शेवचेन्कोचा पुतळा आहे, मागे कीवचं विद्यापीठ. शेवचेन्को त्यांचा सर्वांत मोठा कवी. तो जन्माला आला १८१४ मध्ये, एका जमीनदाराचा भूदास म्हणून. जमिनीबरोबर माणूसही मालकाचा. पोराच्या हातात चित्रकला आहे हे ओळखून पीटर्सबर्गमधल्या कलावंतांनी त्याला सोडवायचं ठरवलं. ब्र्युलोव्ह नावाच्या नामवंत चित्रकाराने कवी झुकोव्स्कीचं व्यक्तिचित्र काढलं, त्याची सोडत झाली, आणि आलेल्या पैशांतून १८३८ मध्ये शेवचेन्कोची सुटका झाली. मालकाने किंमत घेतली २५०० रूबल. कागदी चलनाच्या इतिहासात मला यापेक्षा जास्त अस्वस्थ करणारी नोट दुसरी माहीत नाही. अडीच हजारांत विकत घेऊन मुक्त केलेला माणूस, आणि त्याच्या चित्राची दहा लाखांची नोट, जिच्यात आठवड्याची भाजी येते.

एक गोष्ट मला पुष्कळ उशिरा कळली आणि तिने मी दोन दिवस बेचैन होते. ह्रिव्नियाच्या नव्या नोटा १९९६ मध्ये आल्या खऱ्या, पण त्यांतल्या एक, दोन, पाच, दहा आणि वीसच्या पहिल्या नोटांवर साल छापलं आहे १९९२. त्या कॅनडात तेव्हाच छापून झाल्या होत्या, नाणीही १९९२ सालची पाडून ठेवलेली. चार वर्षं खरं चलन कोठारात बांधून पडलेलं होतं आणि बाहेर कुपनांवर शून्यं चढत होती. का थांबले? कारण आग चालू असताना नवी नोट बाहेर काढली असती तर तीही त्याच आगीत गेली असती. आधी वाढ आवरायची होती. १९९४ मध्ये ती सुमारे चारशे टक्क्यांवर आली, १९९५ मध्ये एकशेऐंशीच्या आसपास, १९९६ मध्ये चाळीसच्या. मग २ ते १६ सप्टेंबर १९९६ या पंधरवड्यात एक लाख कार्बोवानेत्सला एक ह्रिव्निया या दराने बदली झाली. मध्यवर्ती बँकेचे प्रमुख तेव्हा व्हिक्टोर युश्चेन्को होते, जे पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. मी त्या पंधरवड्यातल्या कॅशियरांचा विचार करते. येणाऱ्या प्रत्येक गड्डीतून पाच शून्यं वजा करायची, जाणाऱ्या प्रत्येक नोटेचा नवा रंग ओळखायचा, आणि एकही चूक करायची नाही.

सोव्हिएत संघ फुटल्यावर असा मधला काळ जवळपास प्रत्येक नव्या देशाच्या वाट्याला आला. मोल्दोव्हाचं कुपन हजाराला एक लेउ या दराने गेलं. जॉर्जियाचं कुपन १९९५ मध्ये दहा लाखांना एक लारी या दराने, म्हणजे युक्रेनहून दसपट वाईट. बेलारूसने १९९२ मध्ये नोटांवर प्राणी छापले, पन्नास कोपेकवर खार, एका रूबलवर ससा, शंभरावर बायसन. ही प्राण्यांची नोटमाला लहान मुलांना फार आवडते. आमच्या सोसायटीतली पोरं सुट्टीत येतात तेव्हा तीच मागतात.

हे सगळं दूरचं वाटत असेल तर माझ्या आईचं सांगते. आई मराठवाड्यातली, निजामाच्या राज्यात वाढलेली. लहानपणी मला ती दटावायची, "हे हाली नाहीये, कलदार आहे, जपून खर्च कर." मला त्याचा अर्थ कळत नसे. हाली म्हणजे हैदराबादचा हाली सिक्का, निजामाचा स्वतःचा रुपया. कलदार म्हणजे इंग्रजांचा, पुढे भारताचा. हैदराबादच्या नोटांवर उर्दू, इंग्रजी, तेलुगू, कानडीबरोबर मराठीतही किंमत असायची. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद भारतात आलं, तरी हाली एका दिवसात गेला नाही. पुढे कित्येक वर्षं दोन्ही रुपये बाजारात शेजारी शेजारी चालले, अखेर १९५९ मध्ये हाली पूर्ण थांबला. दर होता सात हालीला सहा कलदार. जुन्या कागदांत तो '१०० कलदारला ११६ रुपये १० आणे ८ पै हाली' असा सापडतो. मी कागदावर करून पाहिलं. १० आणे ८ पै म्हणजे रुपयाचे दोन तृतीयांश, आणि ११६ पूर्णांक दोन तृतीयांश म्हणजे शंभराला सातने गुणून सहाने भागलेलं, अगदी पैपर्यंत बरोबर. हा हिशेब माझी चौथी शिकलेली आजी बाजारात उभ्याउभ्या तोंडी करायची. युक्रेनच्या बाजारात रूबल आणि कुपन दोन्ही मुठीत धरून उभी असलेली बाई मला अनोळखी का वाटावी?

आणि नाशिक. आपल्या नाशिक रोडच्या छापखान्यात १९२८ पासून नोटा छापल्या जातात. फाळणी झाली तेव्हा पाकिस्तानला स्वतःचा छापखानाही नव्हता, मध्यवर्ती बँकही नव्हती. काही महिने रिझर्व्ह बँकेनेच दोन्ही देशांचं काम पाहिलं, आणि १ एप्रिल १९४८ पासून पाकिस्तानात भारतीय नोटाच चालल्या, त्यांच्यावर इंग्रजी आणि उर्दूत 'पाकिस्तान सरकार' एवढे शब्द जास्त. नाशिकला छापलेल्या. दोन, पाच, दहा आणि शंभरच्या नोटांवर सही होती रिझर्व्ह बँकेच्या पहिल्या भारतीय गव्हर्नरची, चिंतामणराव देशमुखांची. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेला, कालिदासाचं मेघदूत मराठीत आणणारा माणूस. पाकिस्तानच्या पहिल्या नोटांवर त्याची सही. १ जुलै १९४८ ला कराचीत त्यांची स्टेट बँक उघडली, ऑक्टोबरात त्यांच्या स्वतःच्या नोटा आल्या आणि हा मधला काळ संपला. या मालिकेतली शंभरची नोट माझ्या ऐपतीबाहेरची आहे. एका प्रदर्शनात काचेआड पाहिली आणि पुष्कळ वेळ तिथेच उभी राहिले.

युक्रेनच्या कुपनांना मात्र फार पैसे लागत नाहीत, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्यांना मी आवर्जून हीच मालिका सुचवते. सुरुवातीच्या सात नोटा मला वीस-तीस रुपयांना एक अशा मिळाल्या. वरच्या आकड्यांच्या महाग पडतात, विशेषतः कोऱ्या. दर शहराबरोबर, विकणाऱ्याबरोबर बदलतो, त्यामुळे घाई करू नये. नोट हातात घेऊन उजेडासमोर धरावी, घड्या मोजाव्यात, कडा बघाव्यात. कुणी धुऊन-इस्त्री करून कोरी म्हणून विकतात. अशी नोट बोटांना मऊ लागते, करकरत नाही. हे सांगून कळत नाही, हजार नोटा हाताळाव्या लागतात.

आमच्याकडे खरा शत्रू पावसाळा. डोंबिवलीत जून ते सप्टेंबर कपाटातली चादरसुद्धा ओलसर लागते, मग कागदाचं काय. स्वस्त अल्बमची पानं पीव्हीसीची असतात, ती काही वर्षांनी चिकट होतात आणि नोटेवरची शाई ओढून घेतात. माझ्या बेलारूसच्या सशाचा कान असाच गेला. आता मी पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटं वापरते, अल्बम उभा ठेवते, शेजारी सिलिका जेलच्या पुड्या. दिवाळीनंतर कोरडी हवा पडली की एकेक पान उघडून कसर लागली नाही ना ते बघते. जुन्या भारतीय नोटांना डाव्या बाजूला पिनांची भोकं असतात, कारण बँका गड्ड्यांना पिना मारायच्या. २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने ते थांबवायला सांगितलं. त्याआधीच्या कित्येक हजार नोटांना मी स्वतः पिना मारलेल्या आहेत, आणि एखादी भोकवाली नोट अल्बममध्ये लावताना ते आठवतंच. कायद्याचंही भान ठेवावं लागतं. २०१६ मध्ये बाद झालेल्या पाचशे-हजारच्या नोटा साध्या माणसाने दहापेक्षा जास्त बाळगायच्या नाहीत. अभ्यासासाठी किंवा संग्रहासाठी पंचवीसपर्यंत चालतात, असं २०१७ चा कायदा सांगतो.

२०२२ च्या फेब्रुवारीत आमच्या इमारतीतली एक मुलगी विनित्सियाला डॉक्टरकीच्या चौथ्या वर्षाला होती. २४ तारखेला युद्ध सुरू झालं. २६ तारखेला संध्याकाळी बुखारेस्टहून २१९ जणांना घेऊन पहिलं विमान मुंबईत उतरलं, तेव्हा तिच्या आईबरोबर आम्ही सगळ्याजणी टीव्हीपुढे होतो. त्यात ती नव्हती. बसने रुमानियाच्या हद्दीपर्यंत, तिथून पुढे काही अंतर चालत, आणि मग आणखी काही दिवसांनी ती आली. पाठीवरची एक सॅक, बाकी सगळं तिकडेच.

महिनाभराने ती माझ्याकडे आली. अल्बम मांडीवर घेऊन बसली आणि ज्या नोटा मी पंचवीस वर्षं नुसत्या पाहत आले होते त्या तिने मला वाचून दाखवल्या. "ओदिन मिल्यॉन कार्बोवान्त्सिव." शेवटच्या 'व' वर तिचा आवाज थोडा खाली जायचा. मग सॅकमधल्या वहीतून तिने एक नोट काढली. "काकू, ही मी तुमच्यासाठी दिवाळीतच मागून ठेवली होती." तिच्या घरमालकीण आजींच्या खणात कुपनांचा एक गठ्ठा होता. नातवंडं लहान असताना त्याने दुकान-दुकान खेळायची. त्यातली ही एक. तीनची, १९९१ ची, पिक ८२.

माझ्याकडे तीनची कोरी नोट आधीपासून होती. ही मऊ पडलेली, मधोमध घडी, एका कोपऱ्यावर तेलाचा डाग. मागच्या बाजूला सेंट सोफियाच्या घुमटांवर पेन्सिलने एकाखाली एक आकडे मांडलेले होते. १८०, ९५, २४०, ६०. खाली रेघ, रेघेखाली ५७५. तीनच्या नोटेत काही येईनासं झालं तेव्हा तिच्यावर कुणीतरी बाजारचा हिशेब केला होता.

मुलगी गेल्यावर मी ती बेरीज एकदा वरून खाली केली आणि एकदा खालून वर, आम्हाला नोकरीला लागताना शिकवलं होतं तशी. मग कोरी नोट पाकिटातून काढून मागच्या पानावर नेली आणि तिच्या जागी ही लावली, पाठ वर करून.